चार सूत

मी मूळचा फरशीवाला. चोपड्याचा.
वीस वर्षं कोटा, कडप्पा, नंतर व्हिट्रिफाइड.
हाताला एकच शिस्त:
फट दिसली की भरायची.

भुसावळला कोळशाच्या इंजिनांच्या काळातला एक क्लब,
त्यात नाचाचा हॉल.
आता तिथे बॅडमिंटन होणार होतं.
निम्मी सागवानी जमीन वाळवीनं खाल्लेली,
निम्मी टाचांच्या खळ्यांसकट शाबूत.
ठेकेदार म्हणाला, फरशी ती फरशी. शिकून घे.

शिकवायला दोघं.
झिपरू मिस्तरी, फैजपूरचे,
वय विचारलं तर रंध्याचं वय सांगणारे.
आणि नसीमा तडवी, पालकडची,
सुरतेच्या कंपनीत दोन वर्षं काढून आलेली,
कमरेला टेप, कानामागे पेन्सिल,
पेटीत लाल रेघ मारणारा लेसर.

पहिले एकवीस दिवस काहीच केलं नाही.
फळ्या हॉलमध्ये आडव्या, मधे चिपा देऊन,
पाहुण्याला हवा मानवावी तशा.
बाहेर सत्तेचाळीस. डांबर चपलेला चिकटायचं.
मला रोज मजुरी मिळायची आणि रोज लाज वाटायची.

नसीमा फळीत दोन सुया टोचायची,
यंत्रावर आकडा यायचा: अकरा. नऊ.
मिस्तरी फळी गालाला लावायचे,
मग पेरानं वाजवायचे,
बाजारात बाया माठ वाजवून घेतात तशी.
"आजून मरेल नई से ते," म्हणायचे. "थांब, भो."
आठ आकडा आला त्याच सकाळी
मिस्तरींनी चष्मा पुसला आणि करवत मागितली.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग शिकलो.
जीभ खाचेत सरकवायची ती ठोकळ्याआडून,
हातोडीचा मार जिभेला लागू न देता.
खिळा तिरपा, जिभेच्या मुळाशी,
म्हणजे पुढची फळी त्याला पोटात घेते.
मिस्तरी आधी गिरमिटानं वेज पाडत,
खिळा साबणावर घासत, मग ठोकत.
नसीमाची बंदूक नुसती फट्, फट्,
कोपऱ्यात कॉम्प्रेसर गुरगुरत.
मला बंदूक आवडली. खरं ते सांगतो.
पण रंध्यातून निघालेली एक लांब साल
रविवारी खिशातून घरी नेली.
बायको म्हणाली, हे काय, कांद्याचं आहे?

शेवटच्या ओळीला दोघंही म्हणाले,
भिंतीपाशी चार सूत सोड.
वर पट्टी येईल, झाकलं जाईल.
संध्याकाळी ते गेले. मी एकटा.
चारी बाजूंनी ती काळी फट.
वीस वर्षांचा हात.
पांढरं सिमेंट कालवलं,
भरलं, पुसलं, स्पंज फिरवला.
त्या रात्री छान झोप लागली.

श्रावणात फोन आला.
हॉलच्या मधोमध जमीन उठली होती,
बसल्या म्हशीच्या पाठीसारखी.
शटल तिच्यावरून घरंगळत होतं.

मिस्तरी चपला काढून त्या उंचवट्यावर बसले.
नसीमानं सुया टोचल्या. पंधरा.
पट्टी उचकटून नख घासलं. पांढरं निघालं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
"दगडनी सवय से त्याले," मिस्तरी तिला म्हणाले,
माझ्याकडे न बघता.

छिन्नी माझ्याच हातात दिली.
दोन दिवस, गुडघ्यांवर,
माझंच सिमेंट, माझीच सफाई.
कडा मोकळ्या झाल्या
तरी जमीन लगेच बसली नाही.
दसरा उजाडला तिला.

तीन फळ्या मात्र बदलाव्याच लागल्या.
उचलल्या, तर खाली जुन्या कडीवर
कुणाची तरी पेन्सिल: सात, सात, पावणेसात.
एक विडीचं थोटूक. केसांचा आकडा.

मीही पेन्सिल मागितली.
नव्या फळीच्या पोटावर लिहिलं:
इथे सिमेंट भरलं होतं.
चूक माझी.
रतिलाल बाविस्कर, चोपडा.

नसीमानं वाचलं. तारीख टाक, म्हणाली.
टाकली.
मिस्तरींनी ठोकळा धरला,
मी मारलं.