आवाजाचा रकाना

येऊरच्या फाटकाशी सव्वासहाला पावती फाडली.
मागे ठाण्याचे दिवे, विझायला विसरलेले;
पुढे पानगळीत उघडं पडलेलं रान
आणि माझ्याच बुटांखालची चुरचुर.

काटेसावरीवर उजाडताच गर्दी:
मैना, कोतवाल, दोन हळद्ये,
एक खार, तिची मी नोंद करत नाही.
फुलं पडत होती धप्प, धप्प,
अंगात पाणी असल्यासारखी.

मग शेंड्यावर शिंजीर.
दुर्बिणीत नीट धरला.
चोच उघडली, गळा थरथरला,
प्रत्येक सुराला इवलं शेपूट हललं
आणि माझ्यापर्यंत काहीच आलं नाही.

कानाचे डॉक्टर म्हणाले होते,
आधी वरच्या पट्टीतलं जातं.
मला वाटलं, दाराची बेल,
फार तर नातीची कुजबुज.
पाखरांचं कोणी बोललं नव्हतं.

मोहाखाली फुलं वेचत होती
पाड्यावरची बारकी वरठा.
विचारलं, तो बोलतोय का गं?
तिने मानही वर केली नाही.
"मघापासून. थांबतोय कुठं!"
"कसं?"
ओंजळ टोपलीत रिती करून म्हणाली,
"सुईत दोरा ओवताना
डोळा बारीक करतो ना,
तसं."

वहीत लिहिलं:
शिंजीर, नर, एक. सात दहा.
आवाजाच्या रकान्यात
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
दुसऱ्याचं नाव.

उतरताना तांबट ठोकत होता,
टुक् टुक् टुक्, उंबरावर कुठेतरी.
हे आलं ऐकू.
त्याला म्हटलं, जरा सावकाश,
घाई नाही.