मानशीपाशी

कुंडईच्या वसाहतीत, तिसऱ्या शेडमध्ये
मी पांढरी भुकटी पाण्यात विरघळताना बघते.
कुरकुर नाही, फेस नाही,
आगरातल्या मिठासारखी जाते निमूट.
एकदा जिभेवर ठेवून पाहिली होती. कडू.

आज बॅच सतरा.
मीटर म्हणाला, पीएच तीन पूर्णांक एक.
केंकरेसाहेब म्हणाले, चालेल की, काचेसारखं स्वच्छ दिसतंय.
नाही चालणार.
इतक्या आंबटात महिनोन्महिने राहिली
तर थोडी थोडी स्वतःची राहत नाही ती,
निआसिन होते,
आणि कुणाच्या तरी गालावर नको तेव्हा लाज उमटते,
लाल, गरम, अर्धा-पाऊण तास,
लाजण्यासारखं काहीही केलेलं नसताना.
बॅच अकराच्या वेळी
पॅकिंगमधली अवेलीना तशीच मिसाला गेली होती.
अजून चिडवतात तिला, नाव घेऊन,
त्या नावाचा माणूस दुबईत आहे बिचारा.

बॅच परत. खाली माझी सही.
मग साहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला :
पाचाचे वीस टक्के करू या,
लोकांना आकडा आवडतो.
आणि लेबलवर एक शब्द, 'गोरेपण'.
शब्दावर मी काट मारली.
आकड्याचं उद्या बघू म्हणाले.

रायबंदरची फेरी. मासळीच्या रिकाम्या टोपल्या, दोन स्कूटर,
पिशवीत आईसाठी बॅच चौदाची बाटली.
चोडणला उतरले तर बाबा मानशीपाशी,
गुडघाभर चिखलात, दाराची फळी ठोकत.
भरती आली की हे दार आपोआप मिटतं,
ओहोटीला उघडतं,
खारं पाणी शेतात येत नाही.
बांध मात्र रोज बघावा लागतो.
खेकडा एवढंसं भोक पाडतो आणि झोपायला जातो.

वीस टक्क्यांचं त्यांना सांगितलं.
त्यांना टक्के कळत नाहीत, चिखल कळतो.
म्हणाले, एकदम जास्त चढवला की
बांध आपल्याच वजनानं बसतो.

आई बाटली उजेडात धरून नाव वाचते.
मी दुसरं नावही सांगते, निकोटिनामाइड,
आणि पस्तावते.
निकोटिन? म्हणजे बाबांची विडी?
नाही गं. नावापुरतं चुलत.
हे बांगड्यात असतं, शेंगदाण्यात असतं,
तू जन्मभर खातेच आहेस.

मग ती खरं विचारते, खालच्या आवाजात,
वीस वर्षं खाजनात लावणी केलेले दोन्ही गाल पुढे करून :
हे वांग जाईल?

फिकं होईल. दोन महिने लाव.
रंग मारत नाही हे, आई.
रंग घडतो तिथं घडतोच.
बांध फुटल्यावर तुम्ही बायका ओळीनं उभ्या राहता ना,
हिच्या हातून तिच्या हाती चिखलाची टोपली,
तसाच तो आत एका पेशीकडून दुसरीकडे जातो वर.
हे फक्त ओळीतल्या काही जणींना सांगतं,
बसा गं जरा.
लावायचं सोडलंस की त्या परत उभ्या राहतात.

आणि बांध?
तोही आहे, कातडीला.
हे स्वतः चिखल आणत नाही,
चिखल कालवणाऱ्यांना उठवतं.

आधी कोपराच्या आत एक थेंब. दोन रात्री थांब.
चुरचुरलं तर धू आणि मला सांग, लपवू नकोस.
आईनं हात उलटा केला.
तिथली कातडी मी कधी पाहिलीच नव्हती,
उन्हाला न सापडलेली,
लहान मुलीची असावी तशी.

थेंब पडला, पसरला, दिसेनासा झाला.
वास नाही गं याला काही, ती म्हणाली,
जरा नाराजच.

रात्री पाहिलं,
ती बाबांच्या टाचांच्या भेगांना तेच चोळत होती,
बॅच चौदा, अर्धी बाटली.
दोन रात्री थांबायचं ते फक्त तिच्यासाठी होतं म्हणे.
मी ओरडणार होते.
बाहेर भरती लागली होती,
फळी दोनदा आपटली
आणि मिटली.