खाल्लं मीठ

तपासनीसाने दाराखालच्या पत्र्यात
स्क्रूड्रायव्हर सहज घातला,
केक भाजलाय का बघावं तसा,
आणि तो मुठीपर्यंत आत गेला.
कागदावर त्याने लिहिलं : तीस दिवस.

आमचं राहे गाव समुद्राकाठी, फिनलंडच्या उत्तर अंगाला.
पाच महिने रस्त्यांवर बर्फ, बर्फावर मीठ.
पहाटे चारला पिवळा दिवा फिरवत मिठाची गाडी जाते,
तिच्या आवाजात मी कूस बदलते.
तेवीस हिवाळे ही टोयोटा मीठ खातेय.
माणूस खाल्ल्या मिठाला जागतो म्हणतात.
पत्र्याचं उलटं; तिथे मीठच जागं राहतं,
उन्हाळाभर, दाराच्या पोटात, ओल धरून.

उर्पो उलट्या बादलीवर बसून सांगतो.
हात थरथरतात, म्हणून आता सगळं काम जिभेकडे.
"फोड दिसतो त्याच्या चौपट खरवड, आउलिक्की.
रंग घट्ट लागेपर्यंत थांबू नकोस."
वायरच्या ब्रशने मी खरवडते.
लाल भुकटी भुवयांवर बसते,
तोंडात जीभ चावल्याची चव.
दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणे.
गंज मुंगीच्या पावलांनी येतो,
रंगाखाली वारूळ बांधून झालं
की मग एक फोड वर पाठवतो.

मागच्या चाकाच्या कमानीपाशी ब्रश घसरला.
पुटीखाली काहीतरी चमकलं.
छिन्नीने उचकटलं तर
कॉफीचा डबा, कापून सपाट केलेला,
निळ्यावर सोनेरी अर्धी किटली,
चार रिव्हेटांनी ठोकलेली.

"हे गॅरेजवाल्याने केलं होतं ना?
चारशे युरो. ओल्लीच्या लग्नाच्या वर्षी."

उर्पोने बर्चच्या झाडाकडे पाहिलं.
बर्चने काही मदत केली नाही.
"नावेचा पंखा," तो म्हणाला.
बऱ्याच वेळाने : "पितळेचा आहे. गंजत नाही."

तीस वर्षं हा माणूस कारखान्यात
लालभडक पोलाद लाटायचा, किलोमीटरच्या किलोमीटर,
आणि घरच्या गाडीला कॉफीचा डबा!
हसू आलं, ते दाखवलं नाही.
"ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर दे," म्हटलं.

आरपार भोकं माझ्या हातची नव्हती.
शेजारच्या तार्मोची नात ओना वेल्डिंग शिकते.
ती आली, एका कानात तीन बाळ्या,
कुजकं सगळं कापून फेकलं, नवा पत्रा जोडला,
आणि मजुरी म्हणून तापलेला सॉना मागितला
आणि माशाचं सूप, दोनदा.

वरवरच्या गंजाला मी औषध फासलं.
दुधासारखं पांढरं, बघता बघता जांभळं,
सकाळी कोळसा.
"मेला का?" मी विचारलं.
"नाही," उर्पो म्हणाला, "त्याला दुसरं काम दिलं."

मग प्रायमरचे दोन हात. मग रंग,
जो जुळला नाही तो नाहीच;
तेवीस वर्षांचं ऊन डब्यात मिळत नाही.
रंग वाळल्यावर पोकळ्यांत नळीने लोकरीची चरबी,
आठवडाभर अंगणात भिजलेल्या मेंढीचा वास.

शेवटी दारं राहिली.
त्यांच्या तळाला पाणी जायची बारीक छिद्रं असतात,
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.
पाईनच्या सुयांनी बुजलेली.
केसातली पिन काढून एकेक टोकरलं.
उजव्या मागच्या दारातून
चहाच्या रंगाचं पाणी येत राहिलं,
कोण जाणे कुठल्या साली शिरलेलं,
येतच राहिलं. आम्ही दोघं बघत बसलो.

एकोणतिसाव्या दिवशी तपासनीसाने
तोच स्क्रूड्रायव्हर त्याच जागी मारला.
टण्ण.
त्याने आणखी एकदा मारला, बहुधा आवाजासाठी.

परतताना समोरून
मिठाची गाडी आली, या सालची पहिली.
उर्पोने घाईघाईने काच वर केली,
जणू मीठ तिथूनच आत येतं.
मग म्हणाला, "बागेची नळी
तू गुंडाळून तर नाही ना ठेवलीस?"