सीदा

अकरा वर्षं हे गाव मी उजव्या सीटवरून पाहिलं,
मांडीवर भाजीच्या पिशव्या घेऊन,
नवऱ्याच्या खांद्यापलीकडे पळणाऱ्या पाट्या
अर्ध्याच वाचत.

आता सत्तेचाळिसाव्या वर्षी डावीकडे बसलेय.
इचलकरंजीत मारुती शिकलेला डावा हात
गिअर शोधायला जातो
आणि दाराची काच खाली करून येतो.

शेजारी झुवैनाबाई.
पायाशी तिचा जादा ब्रेक, मांडीवर कहव्याचा थर्मास.
आईशी फोनवर स्वाहिली,
आणि माझ्याशी एकच शब्द : "सीदा. सीदा."
पहिल्या दिवशी मी हसले. म्हटलं, हा तर आमच्याकडचा,
कुठल्या गलबतातून आणलात?
ती म्हणाली, आणला कशाला? आमचाच आहे.
पंख्यालाही ती बंका म्हणते, तोही त्यांचाच.
मी वाद वाढवला नाही.
आमचा साबण, आमची खबर, आमची तारीख,
मला तरी कुठे परत करायच्यात?

सीबचा जुना सूक दुसऱ्या गिअरात.
हलव्याच्या कढईचा केशरी वास आत येतो,
बर्फाची हातगाडी मागे न बघता आडवी येते.
हेलला समुद्र डावीकडे आहे
एवढं लक्षात ठेवायचं. बघायचा नाही.
वादीत रस्ता खाली उतरतो तिथे
पांढरेतांबडे खांब. पाणी तांबड्याला लागलं की थांबायचं,
मग घरी कुणी का खोळंबेना.
घोड्यांच्या सर्कलवरचे घोडे गेले, मग सर्कलही गेलं,
पत्ता सांगताना अजून सगळे घोडेच सांगतात.
नवा आलेला माणूस सिग्नलला उभा राहून
घोडे शोधतो.

मबेला मात्र काही केल्या पाठ होत नाही.
मंगळवारी यू-टर्न होता तिथे गुरुवारी पाइप.
गल्ल्यांना नाव नाही, नुसता आकडा,
आणि आकड्यांतही मधलेच गहाळ.
काल तिथे झुवैनाबाईच चुकली.
इकडे वळ, नको, तिकडे,
मग थर्मासचं झाकण लावत गप्प झाली.
समोर तीन सारखी घरं, तिन्हींना अजून खिडक्या नाहीत.
"इथे माझ्या बापाच्या शेळ्या चरायच्या," म्हणाली,
"आंधळी आले असते तरी
घरी पोचले असते."

काय बोलावं ते सुचेना.
तिच्या बापाच्या कुरणात
माझं दोन खोल्यांचं भाड्याचं घर असेल
हे आजवर डोक्यातच आलं नव्हतं.

परातीवरून उठून एक गवंडी आला,
सिल्हेटचा शफीकुल, भुवयांवर सिमेंट.
ती अरबीत विचारू लागली, मी मोडक्या हिंदीत, दोघी एकदम.
त्याने थापी उचलली,
घरांच्या मधल्या फटीकडे रोखली :
"सीदा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.
हसू आवरत क्लच सोडला
आणि गाडी बंद पडली.