चार बोटं

माझी टेप दहापासून सुरू होते.
पहिले दहा सेंटिमीटर शाहूपुरीतल्या एका शटरखाली
चिरडून गेले, त्याला आता सात वर्षं झाली.
नवी मागवली होती. मागणीपत्रावर शेरा आला :
जुनी चालू स्थितीत आहे.
आहेच की.
येईल त्या आकड्यातून दहा वजा करायचे, एवढंच.

लक्ष्मीपुरीत धान्याच्या गोदामात वजा केले.
गुजरीत, जिथं मुशीला खेटून सिलिंडर उभा असतो, तिथं केले.
चपलांच्या दुकानामागं, जिन्याच्या पायरीपायरीवर
सोल्यूशनचे डबे मांडले होते, तिथंही.
"साहेब, चहा निवतोय," तरी केले.
घरी शिलाईच्या टेपनं पडद्याचं माप घेतलं,
सवयीनं त्यातूनही दहा गेले;
पडदा अजून खिडकीला अपुरा पडतो.

राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, चौगुले सरांचा क्लास.
इमारत भुजगोंडा मगदूमांची.
तळमजल्यावर बँक येणार म्हणून
त्यांना त्या दिवशी स्वर्ग दोन बोटं उरला होता.
लाल नळकांड्याच्या गळ्यात खंडेनवमीचा झेंडू वाळलेला,
पिन गंजलेली. बदलायला लावलं.
वाळूच्या बादलीत पानाच्या पिचकाऱ्या. वाळू बदलली.
गच्चीच्या दाराचं कुलूप माझ्यादेखत काढलं,
चावी सापडेना म्हणून दगडानं.
एवढं सगळं ऐकलं त्यांनी.
मग मी जिन्याला टेप लावली.

एकशे बावन्न.

नियमात दीड मीटर.
खाली शमशू हॉर्न वाजवत होता.
सर म्हणाले, "परीक्षा महिन्यावर आलीय साहेब,
पोरं कुठं नेऊ मी?"
पैसे कुणी दिले नाहीत. त्या दिवशी चहासुद्धा नव्हता.
असता, तर सांगायला कारण तरी असतं.
मी नुसता हाताकडं बघितलं :
अंगठा सोडून चार बोटं, तेवढंच कमी पडत होतं.
बांधलेली भिंत चार बोटं मागं कशी सरकणार?
एकशे बावन्न लिहिलं.
खाली सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं.

आता सातच्या सुमाराला पाय तिकडंच वळतात.
समोरच्या टपरीवर थांबतो. क्लास सुटतो.
पोरं तिघं-तिघं बडबडत उतरतात
आणि तिसऱ्याचं दप्तर भिंतीला घासतं.
दप्तराच्या उंचीवर रंग उडालाय,
तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत एक करडी पट्टी,
कुणीतरी टेप ताणून तशीच विसरून गेल्यासारखी.
आग लागलेली नाही. लागेलच असंही नाही.
मी ग्लास ठेवतो, आणि परत उचलतो,
रिकामा असला तरी.

सोमवारी अर्ज दिला.
विषय : माझ्याच अहवालातील आकडा दुरुस्त करणेबाबत.
आवक खिडकीवर आवळे बाईंनी दोनदा वाचला.
"तक्रारदार तुम्ही, ज्याच्याविरुद्ध तेही तुम्हीच.
कुठल्या रजिस्टरला घालू साहेब?"
मी म्हटलं, घाला कुठंही, नंबर द्या.
त्यांनी शिक्का मारला. शाई कमी होती,
तारखेतला महिना उमटला, दिवस उमटलाच नाही.
"मूळ फाईल सापडायला हवी पण," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी टपरीवर थांबलो नाही.
सरळ जिन्यात गेलो, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर,
भिंतीवरच्या त्या पट्टीवर चार बोटं टेकवून
उभा राहिलो.
वरून क्लास सुटला.
एक पोरगी, दोन वेण्या, दप्तर पोटाशी धरलेलं,
माझ्यापुढं येऊन थांबली. मागं सगळी रांग थांबली.
"काका, बाजूला व्हा की,
वाट अडवलीय तुम्ही."

मी पाठ भिंतीला लावली.
सगळी उतरून जाईपर्यंत
श्वास पोटात ओढून धरला.