दप्तरी दाखल

सुरुवात कुठून झाली, असं आता सगळे विचारतात.
म्हणजे जे अजून विचारू शकतात, ते.
कुणी म्हणतं अंबडच्या एका कंपनीतून रात्री काहीतरी सुटलं,
कुणी धरणाच्या पाण्यावर घेतं.
मला विचाराल तर
पंचवटी विभागीय कार्यालय, खिडकी क्रमांक चार,
जन्म-मृत्यू नोंदणी.
टेबल माझं.

पौष होता. थंडी अशी
की पॅडवरची शाई फुंकर मारून जागी करावी लागे.
पहिला अर्ज शौचे गुरुजींचा, वहीच्या फाडलेल्या पानावर:
रामकुंडात अस्थी विरघळेनात.
चार दिवस तळाशी तशाच आहेत,
चुंबक टाकून नाणी काढणाऱ्या पोरांच्या
तळपायांना टोचतात.
कावळे येतात, पिंडाकडे बघतात,
ताट दुसऱ्या कुणाचं असावं तसे मागे सरतात.
दर्भाचा कावळा करून
मी किती जणांना सोडवू?

मी शेरा मारला:
पाण्याचा विषय पाणीपुरवठ्याकडे वर्ग.
कावळ्यांबाबत या कार्यालयास अधिकार नाहीत.

मग सिव्हिलचा आठवड्याचा तक्ता आला.
शवागार: आत एकोणीस, बाहेर सतरा, शिल्लक निरंक.
बेरीज जुळेना म्हणून फोन लावला.
पलीकडे निमसे होता, रात्रपाळीचा.
म्हणाला, दोघं गेले, भाऊसाहेब.
कुणी नेले?
कुणी नाही. गेले.
मी समजलो, घेतलेली दिसते.
पेन्सिलने सतराचे एकोणीस केले.
खोडरबर वापरला नाही, एवढं माझ्या बाजूने लिहा.

आणि शुक्रवारी, पाचला दहा कमी असताना,
शेवंताबाई गोसावी. राहणार फुलेनगर.
मुलाचा दाखला रद्द करून पाहिजे.
कैलासगिरी, वय सव्वीस,
ओझरला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये पेट्या भरायचा,
आठ दिवसांपूर्वी तापाने गेला. सही माझीच होती.
बाई हसत होती.
इतकं हसू त्या खिडकीवर
बारशाच्या नोंदीलाही मी पाहिलं नव्हतं.
म्हणाली, आला तो घरी.
आमच्यात बसवून पुरतात ना, भाऊसाहेब,
उठायला सोपं गेलं असेल.
मीठही कमीच पडलं होतं त्या दिवशी.
बोलत नाही अजून,
ओळखही नीट पटत नाही त्याला.
पण भूक चांगली आहे.

डाव्या हाताला तिने साडीचा काठ फाडून गुंडाळला होता.
काठ हिरवा. मधोमध काळपट ओल.
हे काय, विचारलं, तर लाजली.
लहानपणी पण चावायचा, म्हणाली.

आता सांगतो ते नीट ऐका, कारण सुरुवात ही आहे.
माझ्या टेबलावर तेव्हा तिन्ही कागद होते,
एकावर एक, एकाच टाचणीत.
फोन हाताशी होता. पोलीस चौकी
खिडकीतून दिसत होती.
पण मयत परत आल्यास भरायचा नमुना
आमच्याकडे नाही, कधीच नव्हता,
आणि मला पाच वीसची बस होती.
मी म्हटलं, मावशी, सोमवारी या.
आधार कार्ड आणा. दोन साक्षीदार.
शक्य झालं तर त्यालाच घेऊन या.

कागदांवर लिहिलं: दप्तरी दाखल.
कपाटाला कुलूप लावलं. दोनदा ओढून पाहिलं.

सोमवारी ती आली.
मुलगा होता. साक्षीदार दोन नाही,
जिन्यापर्यंत रांग होती,
फुलेनगर सगळं, मागे निमसे, त्याच्या मागे शौचे गुरुजी,
सोवळं मातीने भरलेलं.
कुणी पुढे घुसत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं.
बाईचं हसू मात्र राहिलं नव्हतं.
सवयीने मी विचारलं, काय काम आहे?
काचेवर वाफ धरली नाही.

तेव्हा माझ्या हाताने
वीस वर्षं जे केलं तेच केलं.
पाटी उलटी फिरवली.
जेवणाची सुट्टी.

पलीकडे सगळ्यांनी
एकदम मान वर केली.