उघाडी

गेल्या मंगळवारी, ओहोटी पार लांब गेलेली असताना,
आम्ही बांध फोडला.
सरकारी कागदात याला 'समुद्रास वाट देणे' म्हणतात.
नवा बांध दोनशे मीटर मागे, उंच, दगडी.
मधलं खाजण सोडून द्यायचं.

फंडीच्या उपसागरात पाणी दिवसातून दोनदा
चार-चार मजले चढतं आणि उतरतं,
रोजच्या शिडीवरच्या रंगाऱ्यासारखं.
उतरलं की मागे तांबडा चिखल,
ओल्या गुळासारखा चकचकीत.
ऑगस्टात तुतवारांचे थवे त्यावर पडतात,
किडे टिपून दुप्पट वजनाचे होतात
आणि एका दमात दक्षिण अमेरिका गाठतात.
मी हॅलिफॅक्सपलीकडे गेलेलो नाही.

आठ फुटांवर लाकूड लागलं.
वेनने हात वर केला, यंत्र थांबलं.
पोखरलेला लार्चचा ओंडका,
आणि त्याच्या तोंडाशी लाकडी झडप,
अजून खिट्टीवर लोंबणारी.
ओहोटीला शेताचं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं,
भरतीला समुद्र स्वतःच तिला गच्च लावून घ्यायचा.
ना साखळी, ना राखणदार.
बांध झाला की दोन-तीन वर्षं
पावसाने मीठ धुवायचं,
मग गहू.

शिवार वेन डेनिसनचं, नऊ पिढ्यांचं.
मी बांधखात्याचा रोजंदार, आडनाव कोमो.
त्याच्या लोकांना ही जमीन मिळाली
माझ्या लोकांना जहाजांत कोंबून झाल्यावर,
घरांची राख थंड झाल्यावर.
मध्ये एका नोव्हेंबरात वादळाने बांध उसवले.
नव्या मालकांना ते शिवता येईनात.
किल्ल्यातल्या कैद्यांना येत होते.

आमच्या घरात सांगतात :
कैदी ओनेझिम कोमो
स्वतःच्याच शेतावर रोजाने लागला.
पाव, काही नाणी, पाठीमागे एक शिपाई.
तो काय बोलला ते गोष्टीत नाही.
आजोबा म्हणायचे, झडप उलटी बसवायची होती त्याने,
पहिल्याच उधाणाला समुद्र आत!
आजी मासे साफ करताना म्हणायची,
खुळा आहेस.
उलटी बसवायला दुसरे हात लागतात.

मी गुडघ्यावर बसून झडपेवरून बोट फिरवलं.
सरळ होती.
ती त्याचीच, असं नव्हे;
या बांधात अशा पन्नास असतील.
तरी मी पुन्हा एकदा पाहिलं.

दुपारी मॅडलिन सिलिबॉय आली,
मिकमॉ वस्तीकडून, हातात नोंदवही.
तिने ओंडका पाहिला,
मग ओंडक्याच्या वरचा ओहोळ, बराच वेळ.
"इथं आमचे लोक वाम धरायचे," ती म्हणाली.
"झडप बसली, आणि वाम वर यायची थांबली."
गाडीची वेळ सांगावी इतक्या साधेपणाने.
मी तीनशे वर्षं मनात एकच हिशेब धरून होतो,
त्याच्या मागच्या पानावर कोणी लिहिलं असेल
हे उलटून पाहिलं नव्हतं.
मी तिला कॉफी दिली. साखर नव्हती.

संग्रहालयाची गाडी येणार होती, आली नाही.
सहाच्या सुमाराला पाणी दिसू लागलं,
आधी एक रेघ, मग ओहोळाओहोळांतून
तांबूस, फेसाळ, घाई न करणारं.
फोडलेल्या बांधातून ते सरळ आत शिरलं,
वेनच्या नऊ पिढ्यांच्या गवतात,
आणि बगळे एकेक पाऊल मागे सरकले.
वेन रबरी बुटांत तसाच उभा.
त्याने टोपी काढली नाही, काही नाही,
फक्त बुटांकडे बघत राहिला.

मग पाणी ओंडक्याशी पोचलं.
आत आणि बाहेर असं काही उरलेलंच नव्हतं,
दोन्हीकडे समुद्रच होता.
तरी जुन्या सवयीने
झडप हलली,
खट्.

"लागली," वेन म्हणाला.
मॅडलिनने वहीत वेळ टिपली.